घरपट्टीचा हिशेब संसदेपर्यंत कसा पोहोचतो?

महाराष्ट्र आणि गोव्यात घरपट्टी, दिल्लीत हाउस टॅक्स, तर कायद्याच्या भाषेत मालमत्ता कर. नावे निरनिराळी असली तरी शहरात राहणारे जवळपास प्रत्येक कुटुंब हा कर थेट किंवा घरभाड्याच्या रूपाने भरत असते. आयकराची चर्चा दरवर्षी केंद्रीय अर्थसंकल्पाच्या निमित्ताने संसदेत होते. घरपट्टीचे देयक मात्र महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत पाठविते आणि त्याविषयीची तक्रारही बहुधा तेथेच संपते. या कराची आकारणी बरोबर झाली का, वसुली पूर्ण झाली का आणि जमा झालेला पैसा कोठे गेला, या प्रश्नांची उत्तरे मागण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे आणि त्यात संसदेचा वाटा किती, याचा हा आढावा.

राज्यघटनेतील अधिकारांची वाटणी

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही किंवा वसूल करता येत नाही. जमिनी आणि इमारतींवरील कर हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ४९ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे त्याविषयीचा कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाचा आहे. केंद्राने पूर्वी आकारलेला संपत्ती कर हा याहून वेगळा होता. तो व्यक्तीच्या एकूण निव्वळ संपत्तीवर होता आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द करण्यात आला.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. तरीही अनुच्छेद २४३-एक्स नुसार कोणता कर नगरपालिकेने लावावा आणि कोणत्या मर्यादेत लावावा, हे राज्याचा कायदाच ठरवितो. मुंबई महापालिका १८८८ च्या स्वतंत्र कायद्यानुसार, राज्यातील इतर महापालिका १९४९ च्या आणि नगरपरिषदा १९६५ च्या कायद्यानुसार कर आकारतात. गोव्यात नगरपालिकांसाठी १९६८ चा, पणजी महापालिकेसाठी २००२ चा आणि पंचायतींसाठी १९९४ चा कायदा लागू आहे.

आकारणीच्या पद्धतीही तीन प्रकारच्या आहेत. मालमत्तेपासून वर्षभरात किती भाडे मिळू शकेल, यावर आधारलेली वार्षिक भाडेमूल्याची पद्धत सर्वांत जुनी. क्षेत्रफळाला विभागनिहाय ठरविलेल्या दराने गुणण्याची पद्धत दिल्लीने २००४ मध्ये आणि बंगळुरूने २००८ मध्ये स्वीकारली. बाजारभावाशी निगडित भांडवली मूल्याची पद्धत मुंबईत १ एप्रिल २०१० पासून लागू झाली. पद्धत कोणतीही असो, मालमत्तांची नोंदवही अद्ययावत नसेल तर आकारणी अपुरी राहते आणि त्याचा भार प्रामाणिकपणे कर भरणाऱ्यांवर पडतो.

संसदेचे नियंत्रण : खर्चापूर्वी आणि खर्चानंतर

केंद्राच्या तिजोरीवर संसदेचे नियंत्रण दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा खर्चापूर्वीचा. अनुच्छेद ११२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र, म्हणजेच अर्थसंकल्प, दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. अनुदानाच्या मागण्यांवर केवळ लोकसभा मतदान करते. विनियोजन विधेयक संमत झाल्याखेरीज भारताच्या एकत्रित निधीतून रक्कम काढता येत नाही. विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात. नगरविकासाच्या मागण्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहारविषयक समितीपुढे जातात. प्रत्यक्षात सभागृहात मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते. ठरलेल्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकत्रितपणे मतास टाकल्या जातात. संसदीय परिभाषेत यालाच ‘गिलोटिन’ म्हणतात.

दुसरा टप्पा खर्चानंतरचा. भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजेच ‘कॅग’, हे केंद्र आणि राज्ये या दोहोंच्या हिशेबांची तपासणी करतात. त्यांची नियुक्ती राष्ट्रपती करतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना लागू असलेल्या पद्धतीनेच त्यांना पदावरून दूर करता येते. अनुच्छेद १५१ नुसार केंद्राविषयीचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे आणि राज्याविषयीचे अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवले जातात. घरपट्टीच्या संदर्भात ही वाटणी महत्त्वाची आहे. महापालिकेच्या करवसुलीवर कॅगने ओढलेले ताशेरे सामान्यतः राज्याविषयीच्या अहवालात येतात आणि त्यांवरील चर्चा विधिमंडळात अपेक्षित असते.

संसदेपुढे आलेल्या कॅगच्या अहवालांची तपासणी लोकलेखा समिती करते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये ही समिती प्रथम स्थापन झाली. तीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात आणि मुदत एक वर्षाची असते. मंत्र्यांना या समितीचे सदस्य होता येत नाही. अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत १९६७ मध्ये सुरू झाला आणि स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी हे त्या संकेतानुसार पहिले अध्यक्ष झाले. ज्या कारणासाठी पैसा मंजूर झाला त्याच कारणासाठी तो वापरला गेला का, नियम पाळले गेले का आणि खर्चातून अपेक्षित फळ मिळाले का, हे समिती पाहते. साक्षीसाठी मंत्रालयांच्या सचिवांना बोलावले जाते. धोरण योग्य की अयोग्य, हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मात्र त्यांवर काय कार्यवाही केली, हे सहा महिन्यांत कळवावे लागते.

घरपट्टी संसदेच्या कक्षेत केव्हा येते?

लोकसभेच्या नियमांनुसार सदस्याने विचारलेला प्रश्न मुख्यतः भारत सरकारच्या जबाबदारीतील विषयाशी संबंधित असावा लागतो. एखाद्या महापालिकेच्या घरपट्टीवर संसदेत थेट विचारणा होऊ शकत नाही, ती याच कारणाने. तथापि, चार मार्गांनी हा विषय संसदेपर्यंत पोहोचतो.

पहिला मार्ग केंद्रीय कायद्याचा. दिल्ली महापालिका संसदेने १९५७ मध्ये केलेल्या कायद्यावर उभी आहे. २०१२ मध्ये तिचे तीन महापालिकांत विभाजन झाले होते. संसदेने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि २२ मे २०२२ रोजी तिन्ही महापालिका पुन्हा एक झाल्या. विभाजनानंतर करउत्पन्न आणि जबाबदाऱ्या यांचा मेळ बसला नाही, हे एकीकरणाच्या बाजूने मांडलेल्या प्रमुख कारणांपैकी एक होते. लष्करी छावण्यांचा कारभार पाहणारी कटक मंडळेही २००६ च्या केंद्रीय कायद्यानुसार चालतात. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी किंवा बेळगाव येथील कटक मंडळांच्या हद्दीतील नागरिकांचा मालमत्ता कर हा त्यामुळे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील विषय ठरतो.

जम्मू-काश्मीरचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील नगरपालिका कायद्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये आदेशाद्वारे बदल केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०२३ पासून शहरी भागात मालमत्ता कर सुरू झाला. निवासी मालमत्तेसाठी करपात्र वार्षिक मूल्याच्या ५ टक्के आणि इतर मालमत्तेसाठी ६ टक्के असा दर ठरला, तर १,००० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना सूट देण्यात आली. त्या काळात तेथे विधानसभा अस्तित्वात नव्हती आणि केंद्रशासित प्रदेशाचा अर्थसंकल्पही संसदच संमत करीत होती. प्रतिनिधींच्या सभागृहात चर्चा न होता कर लागू होतो, हा तेथील विरोधकांचा मुख्य आक्षेप होता.

दुसरा मार्ग अनुदानाचा आणि त्यासोबत येणाऱ्या अटींचा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी नागरी स्थानिक संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपयांची शिफारस केली. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने दोन महत्त्वाच्या अटी घातल्या. राज्याने मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करावा आणि त्यानंतर कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी सुसंगत गतीने वाढावी, ही पहिली अट. हिशेब वेळेवर संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, ही दुसरी. आदल्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याच्या मागील वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब उपलब्ध असणे त्यासाठी आवश्यक ठरविण्यात आले.

करोनाकाळात, मे २०२० मध्ये, केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा वाढविली. त्यातील राज्य उत्पन्नाच्या ०.२५ टक्के इतका भाग नागरी सुधारणांशी जोडला होता. मालमत्ता कराचे किमान दर जमिनीच्या सरकारी दरांशी सुसंगत ठेवणे ही त्यातील एक सुधारणा होती. आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश या राज्यांनी ती सर्वप्रथम पूर्ण केली. म्हणजेच घरपट्टी वाढविण्याचा निर्णय राज्याच्या कायद्याने होत असला, तरी त्यामागचा आग्रह अनेकदा दिल्लीतून आलेला असतो. येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. वित्त आयोगाची अनुदाने अनुच्छेद २७५ नुसार एकत्रित निधीवर भारित असतात. भारित खर्चावर संसदेत चर्चा होऊ शकते. मतदान होत नाही.

तिसरा मार्ग केंद्राच्या स्वतःच्या मालमत्तांचा. अनुच्छेद २८५ नुसार केंद्राच्या मालमत्तेवर, संसदेने कायद्याने वेगळी तरतूद केल्याखेरीज, राज्य किंवा स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. सरकारी वसाहती, टपाल कार्यालये, रेल्वेच्या इमारती यांना पाणी, रस्ते, दिवाबत्ती, सफाई या सेवा मात्र महापालिकाच पुरवितात. सर्वोच्च न्यायालयासमोर राजकोट महापालिकेसह अनेक महापालिकांनी मांडलेल्या प्रकरणात २००९ मध्ये तोडगा निघाला. त्यानुसार मालमत्ता कराऐवजी सेवाशुल्क द्यायचे ठरले. सर्व सेवा घेतल्यास कराच्या ७५ टक्के, काही सेवा घेतल्यास ५० टक्के आणि कोणतीही सेवा न घेतल्यास एक तृतीयांश, असे त्याचे प्रमाण आहे. ही सवलत केंद्राच्या मालकीच्या कंपन्या आणि महामंडळांना मिळत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती स्वतंत्र व्यक्तित्वे आहेत. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हे स्पष्ट केले. मुंबई, पुणे, नागपूर, भुसावळ किंवा मनमाड अशा केंद्रीय मालमत्ता मोठ्या प्रमाणावर असलेल्या शहरांसाठी हा प्रश्न थेट उत्पन्नाचा आहे. सेवाशुल्क थकले तर त्याचा जाब विचारण्याचे योग्य स्थान संसद हेच आहे, कारण येथे कर बुडविणारा सामान्य नागरिक नसून केंद्राचा विभाग असतो.

चौथा मार्ग केंद्रीय योजनांच्या लेखापरीक्षेचा. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात राज्यांनी आणि शहरांनी काही सुधारणा करण्याचे मान्य करून निधी घेतला. मालमत्ता कराची आकारणी आणि वसुली सुधारणे ही त्यातील प्रमुख अट होती. कॅगने २०१२-१३ च्या १५ व्या क्रमांकाच्या अहवालात या अभियानाची तपासणी केली आणि मान्य केलेल्या अनेक सुधारणा ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाल्या नसल्याचे संसदेच्या निदर्शनास आणले. अभियान सुरू होऊन तोवर सुमारे सात वर्षे लोटली होती.

राज्यांची जबाबदारी

दैनंदिन नियंत्रण मात्र राज्याच्या पातळीवरच होते. महाराष्ट्रात स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय १९३० च्या कायद्यानुसार स्थानिक संस्थांचे हिशेब तपासते. मोठ्या महापालिकांत मुख्य लेखापरीक्षक असतो आणि त्याचा अहवाल स्थायी समितीपुढे जातो. विधिमंडळाची स्वतःची लोकलेखा समिती आहे. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या लेखापरीक्षा अहवालांसाठी पंचायती राज समिती आहे. केरळमध्ये स्थानिक निधी लेख्यांसाठी विधानसभेची स्वतंत्र समिती काम करते. कॅगच्या १९७१ च्या कायद्यानुसार शासकीय अनुदानावर प्रामुख्याने चालणाऱ्या संस्थांची लेखापरीक्षा कॅगला करता येते. अनेक राज्यांनी स्थानिक लेखापरीक्षकांना तांत्रिक मार्गदर्शन करण्याचे कामही कॅगकडे सोपविले आहे.

या रचनेत न्यायालयांचेही स्थान आहे. मुंबईतील भांडवली मूल्याच्या नियमांपैकी २०, २१ आणि २२ हे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले. मोकळ्या जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल, हे गृहीत धरून आजच कर आकारणे मूळ कायद्यात बसत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तो कायम ठेवला. आकारणी मान्य नसलेल्या सामान्य करदात्यालाही दाद मागता येते. मुंबईत असे अपील लघुवाद न्यायालयात करता येते.

साखळीतील कच्चे दुवे

कागदावर ही साखळी पूर्ण दिसते. प्रत्यक्षात तिचे तीन दुवे कच्चे आहेत.

पहिला दुवा स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाचा. भारतीय रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महापालिका वित्तविषयक अहवालानुसार महापालिकांचे उत्पन्न दशकभराहून अधिक काळ देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्यावर अडकले आहे. कॅगने १८ राज्यांतील लेखापरीक्षांचे संकलन नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार नागरी संस्थांच्या एकूण उत्पन्नात स्वतःच्या स्रोतांचा वाटा ३२ टक्केच आहे आणि मंजूर पदांपैकी ३७ टक्के पदे रिक्त आहेत. वस्तू आणि सेवा कर लागू झाला तेव्हा, १ जुलै २०१७ रोजी, मुंबईतील जकात संपली. त्यानंतर मालमत्ता कराचे महत्त्व वाढले. मात्र या करात सवलत देण्याचा निर्णय राज्य घेते. मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये दिलेली माफी हे त्याचे ठळक उदाहरण. सवलतीचा लाभ लाखो कुटुंबांना होतो. उत्पन्नातील घट मात्र महापालिकेच्या हिशेबात दिसते.

दुसरा दुवा वेळेचा. लेखापरीक्षा खर्चानंतर होते, अहवाल त्यानंतर सभागृहात येतो आणि समितीची तपासणी त्याच्याही नंतर. समितीपुढे येणाऱ्या परिच्छेदांची संख्या मोठी असल्याने मोजकेच विषय तपशिलाने तपासले जातात. तोवर निर्णय घेणारे अधिकारी बदललेले असतात आणि थकबाकी जुनी झालेली असते.

तिसरा दुवा लोकप्रतिनिधींचा. अनुच्छेद २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे बंधनकारक आहे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळपास चार वर्षांत कारभार प्रशासकाकडे होता. स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा यांचे अधिकारही त्यानेच वापरले. अर्थसंकल्प मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच असेल, तर खर्चापूर्वीच्या नियंत्रणाला अर्थ उरत नाही. राज्यातील इतर अनेक शहरांतही अशीच स्थिती होती. ही उणीव लोकलेखा समिती भरून काढू शकत नाही, कारण नगरसेवकाने वेळीच विचारायचा प्रश्न खासदाराने काही वर्षांनी विचारणे हा त्याला पर्याय नव्हे.

नागरिकांना काय पाहता येते?

महापालिकेच्या अर्थसंकल्पात आणि लेखापरीक्षा अहवालात मालमत्ता कराचे तीन आकडे पाहावेत : चालू वर्षाची मागणी, मागील थकबाकी आणि प्रत्यक्ष वसुली. मागणी वाढत असताना वसुलीचे प्रमाण घसरत असेल, तर थकबाकी साचत आहे असे समजावे. शहराचा विस्तार होऊनही मागणी स्थिर असेल, तर नव्या मालमत्तांची नोंद होत नसल्याची शंका घेण्यास जागा आहे. अनेक नागरी संस्थांचे हिशेब केंद्रीय गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाच्या ‘सिटी फायनान्स’ या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. कॅगचे राज्यनिहाय अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर वाचता येतात. अधिक तपशील हवा असल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहेच.

तक्रार कोणाकडे न्यावी, हे प्रश्नाच्या स्वरूपावर ठरते. आकारणी किंवा देयकाचा प्रश्न महापालिका आणि अपिलीय न्यायालयाचा. कराचा दर, सवलत आणि कायदा हा विषय आमदार आणि विधिमंडळाचा. केंद्रीय अनुदान, केंद्राच्या मालमत्तांवरील सेवाशुल्क, कटक मंडळे आणि केंद्रशासित प्रदेश यांविषयीचा प्रश्न मात्र खासदारामार्फत संसदेत मांडता येतो.

१५ व्या वित्त आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ रोजी संपत असून १ एप्रिल २०२६ पासूनची पाच वर्षे अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखालील १६ व्या आयोगाच्या कक्षेत येतात. किमान कर आणि वाढती वसुली या अटींमुळे महापालिकांच्या उत्पन्नात किती भर पडली, याची तपासणी कॅगच्या अहवालांतून आणि संसदेच्या तसेच विधिमंडळांच्या समित्यांतून पुढील काही वर्षांत होईल. तोपर्यंत दरवर्षी येणाऱ्या घरपट्टीच्या देयकाचा पहिला हिशेब शहराच्या निवडून आलेल्या सभागृहातच मागावा लागेल.